राहुकाळातलं फिजिक्स

आमच्या घरमालकांना "कुठे निघालात?" असं विचारायची सोय नव्हती. हातात पिशवी, पायात चपला, कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे गृहस्थ भाजी आणायला निघालेत हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण विचारलं की ते जिन्याशी थांबायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, "मी निघालों, कीं घर मागें सरलें? कोणाकडून बघून सांगूं?"

पहिल्यांदा मला वाटलं, यांची तब्येत बरी नसावी. दुसऱ्यांदा वाटलं, ही भाडेवाढीची प्रस्तावना आहे. मग कळलं की हे कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले आहेत, आणि त्यांच्यापासून निवृत्ती फक्त कॉलेजला मिळालेली आहे. गल्लीतले सगळे त्यांना प्रोफेसर मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. आम्हीही तेच म्हणू लागलो.

मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून चेन्नईत आले होते. शाखा नुंगंबाक्कमला, नवऱ्याचा कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला, आणि घर तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात, हे गणित कुणाच्याच सोयीचं नव्हतं. पण घर बघायला गेलो तेव्हा मामांनी मराठीत "यावें, बसावें, कापी घ्यावी" म्हटलं आणि मी तिथेच विरघळले. ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते भाषेचं गाठोडं बरोबर घेऊन, आणि हे लोक वर तमिळ हेल चढवून तीच मराठी अजून वापरत होते. मी एकदा म्हटलं, "मामा, तुमची मराठी जुन्या काळातली वाटते हो." ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "आमची मराठी आपल्या ठिकाणीं बसली आहे, अम्मा. तुमचीच धांवत सुटली. आतां कोण मागें राहिलें, तें तुम्हीच सांगा."

हा एवढा सापेक्षतेचा माणूस, पण राहुकाळ मात्र कडकडीत पाळायचा. चेन्नईत नव्याने येणाऱ्याला राहुकाळ हा ट्रॅफिकसारखाच शिकावा लागतो. रोज दीडेक तासाचा अशुभ काळ, वाराप्रमाणे बदलणारा, भिंतीवरच्या फाडायच्या कॅलेंडरवर छापलेला. तेवढ्यात नवं काम सुरू करायचं नाही आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी एकदा मामांना छेडलंच. म्हटलं, विज्ञान शिकवलंत आणि हे काय? ते म्हणाले, "काळ सर्वांस सारखा नाहीं, हेंच तर आम्ही जन्मभर शिकविलें. मग एखादा काळ वाईट कां असूं नये?"

त्यातही त्यांचं कॅलेंडरशी पटायचं नाही. राहुकाळ सूर्योदयावरून मोजतात आणि सूर्य रोज वेगळ्या वेळी उगवतो, तेव्हा छापील वेळ ही शुद्ध लबाडी, असं त्यांचं म्हणणं. ते रोज सकाळी स्वतःचा राहुकाळ काढायचे. मामींचा मात्र छापलेल्यावर विश्वास. त्यामुळे त्या घराला रोज दोन राहुकाळ लागायचे, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि दोन्ही उलटून गेल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडता यायचा नाही. वाण्याचा मुलगासुद्धा हे ओळखून होता.

आमची लेक सई अकरावीत गेली आणि फिजिक्सने घरात पाय ठेवला. इथे शाखा म्हणत नाहीत, ग्रुप म्हणतात. सईने हट्टाने मॅथ्स-फिजिक्सचा ग्रुप घेतला होता. तिला उपग्रह बनवायचे होते. पहिल्याच चाचणीत सापेक्ष वेगाच्या धड्याने तिला आडवं केलं. बापाकडे गेली. माझा नवरा गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे गतीशी त्याचा संबंध ती थांबवण्यापुरताच. पुस्तक उलटसुलट करून तो म्हणाला, "आमच्या वेळी हे इतकं नव्हतं." मग कोचिंग क्लास पाहिला. तिथल्या बाईंनी आधी मला एसीत बसवून अर्धा तास माझ्याच भविष्याची भीती घातली. शेवटी सईने सोपा उपाय शोधला. गणिताचा फोटो काढायचा, मोबाइलमधल्या एका ॲपला दाखवायचा, आलेलं उत्तर वहीत उतरवायचं. होमवर्क सुरेख होऊ लागला, फक्त सईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

हे मामांना कसं समजलं कोण जाणे. एका संध्याकाळी खालून हाक आली, "पोरीस खालीं पाठवा. तो मोबाइल वरतीं राहूं द्या."

मामांच्या बैठकीच्या खोलीत पितळी कड्यांचा लाकडी झोपाळा होता. तीच प्रयोगशाळा. सईला झोपाळ्यावर बसवायचं, हातात लिंबू द्यायचं, झोका द्यायचा आणि सांगायचं, लिंबू सरळ वर उडव आणि झेल. मग स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसायचे. "काय दिसलें?" "सरळ वर गेलं, सरळ खाली आलं." "मला तर तें वांकडें जातांना दिसलें. कोण खोटें बोलतें?" सई विचार करायची. मामा वाट बघायचे. वाट बघण्यात त्या माणसाचा हात धरणारा मी पाहिला नाही. विद्यार्थी बोलेपर्यंत ते कॉफी गार करायचे, ती परत गरम करून मागायचे, पण उत्तर सांगायचे नाहीत. दोघंही खरं बोलतायत, हे सईच्या तोंडून निघायला तीन संध्याकाळी आणि बरीच लिंबं लागली. फुटलेल्या लिंबांचं मामी चित्रान्न करायच्या, आणि आम्हाला वर डबा यायचा. त्या महिन्यात आम्ही इतका लिंबूभात खाल्ला की नवऱ्याने विचारलं, हा धडा संपणार कधी?

झोपाळ्यावर मामांचा पूर्ण विश्वास नव्हता. "हा लबाड आहे, वेग बदलितो. एकसारखी जाणारी वस्तू पाहिजे." म्हणून एकदा तिला घेऊन ते उन्नत रेल्वेच्या स्टेशनवर गेले. ठरलं असं की मामा गाडीत उभे राहून दारातून दिसेल असं लिंबू उडवतील आणि सई फलाटावरून बघेल. गाडी सुटली, मामांनी लिंबू उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं, आणि त्या आनंदात उतरायचं कुठे हे विसरून थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. इकडे फलाटावर एकटीच उभी राहून वहीत बाणबिण काढणारी मुलगी बघून रेल्वे पोलिसाने सईला हटकलं. ती म्हणाली, "ताता गेलेत, त्यांची वाट बघतेय." ताता म्हणजे आजोबा. पोलीस बिचारा हळहळला आणि त्याने तिला पाणी आणून दिलं. परतीच्या गाडीने मामा आले तेव्हा तो त्यांच्याकडे भूत पाहिल्यासारखा बघत राहिला, असं सई सांगते.

मामांना आणखी एक विद्यार्थी होता, पण तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला होता. हे मला मामींनी सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. मुलगा अमेरिकेत. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी संध्याकाळी, टॅबवर बोलणं व्हायचं. नातू आठवीत. त्याने एकदा होमवर्कमधला प्रश्न विचारला, धावत्या मोटारीत चेंडू वर उडवला तर कुठे पडेल? एका ओळीचं उत्तर. मामांनी विचारलं, कोण बघतो आहे? मोटारीतला, रस्त्यावरचा, की पुलावरचा? असे ते तासभर विचारत राहिले. पोराने शाळेत काहीतरी अगम्य लिहून नेलं, बाईंचा शेरा आला, पोरगा रडला. मुलाने बापाला सांगितलं, "अप्पा, होमवर्कचं तुम्ही राहू द्या. फक्त गप्पा मारत जा."

"तेव्हांपासून हे विचारतात, जेवलास काय?" मामी म्हणाल्या. "तो म्हणतो, होय. मग दोघे गप्प." कोथिंबिरीची एक काडी त्या बराच वेळ निवडत राहिल्या.

सहामाही परीक्षेचा निकाल लागला आणि सई फिजिक्समध्ये सपशेल नापास झाली.

उत्तरपत्रिका बघून मला रडावं की हसावं कळेना. पहिलाच प्रश्न होता, एक गाडी अमुक वेगाने जाते आहे, तिच्यात एक प्रवासी उलट दिशेने चालतो आहे, तर प्रवाशाचा वेग काढा. सईने सुरुवातीलाच लिहिलं होतं, "कोणाच्या दृष्टीने ते प्रश्नात दिलेलं नाही." मग फलाटावरच्या माणसासाठी वेग काढला, गाडीत बसलेल्यासाठी काढला, शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीतल्यासाठी काढला, आणि वरून उडणाऱ्या कावळ्यासाठीही काढला. चारही उत्तरं बरोबर होती. तेवढ्यात वेळ संपला. उरलेला पेपर कोरा.

शाळेने आम्हाला बोलावलं. मामा आमच्याबरोबर यायला निघाले. मी नको म्हणत होते, पण चूक माझी आहे, मी माफी मागतो, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. फिजिक्सच्या मॅडम तरुण होत्या, टेबलावर पेपरांचे गठ्ठे, डोळ्यांखाली काळं. मामांनी हात जोडले, नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य इंग्रजीत म्हणाले, "तुमचा प्रश्न सदोष आहे." पुढची पंधरा मिनिटं माफी कुठे आलीच नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सार, तुमचं बरोबर आहे. पण मला हे सगळे गठ्ठे तपासायचे असतात. प्रत्येक पेपरात कावळा आला तर मी काय करू?" मुख्याध्यापिकांनी निर्णय सांगितला. सोमवारी सकाळी शाळा भरण्याआधी सईची फेरपरीक्षा. पास झाली तर ठीक, नाहीतर ग्रुप बदला, कॉमर्सला जागा आहे. ओळखपत्राशिवाय गेटच्या आत घेणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

सई घरी येऊन दार लावून बसली. कॉमर्स वाईट नाही, मी स्वतः कॉमर्सची, पण पोरीने भिंतीवर उपग्रहांची चित्रं लावली होती. खाली मामींनी नवऱ्याला बजावलं, आणि जिन्यातून मला ते स्वच्छ ऐकू आलं, "एक पोर तुम्हांमुळें रडलें, ही दुसरी. ही पडली तर आतां पुरे. या घरांत परत फिजिक्स नाहीं."

सोमवारची अडचण माझ्या लक्षात आलीच नव्हती, ती मामींच्या लक्षात आली. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ. सईला निघायचं आठला. लवकर निघून शाळेच्या बंद गेटासमोर रस्त्यावर उभं राहायला सई तयार नव्हती. माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता, पण वर्षाचा प्रश्न होता, आणि अशा वेळी माझ्यासारखी बाईसुद्धा म्हणते, पाळलं तर बिघडतं कुठे?

मामांनी तोड काढली. "प्रस्थान ठेवूं." हा शब्द ऐकून मी चमकले. आमच्याकडेही पूर्वी मुहूर्त साधायचा तर आदल्या दिवशी तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजारच्या घरी ठेवून यायचे आणि निघताना उचलायचे, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरत. तंजावरच्यांनी तेही जपून ठेवलं होतं. फक्त मामांनी त्याला फिजिक्सची फोडणी दिली. "राहुकाळांत सुरुवात करूं नये, एवढेंच शास्त्र आहे. चालती वस्तू चालत राहिली तर राहु काय करील? पोरीचा प्रवास आज सुरू करूं. उद्यां ती केवळ गतींत असेल." पण तांदूळ-सुपारी त्यांना मान्य नव्हती. प्रवासाला खरोखर लागणारी वस्तूच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक. म्हणून रविवारी दुपारी, मुहूर्त बघून, सईची कंपासपेटी मिरवत समोरच्या घरात नेऊन ठेवली. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहत. त्यांनी पेटी देवापुढे ठेवली, वर फूलही ठेवलं.

सोमवारी सकाळी सई तयार झाली, दही-साखर खाल्ली, आणि म्हणाली, "आई, आयडी कार्ड कंपासपेटीत आहे." गळ्यात घालायची लाज वाटते म्हणून ती ते तिथेच कोंबून ठेवायची.

समोरच्या दाराला कुलूप होतं. पोस्टमास्तर सोमवारी देवळात जात. राहुकाळ लागायच्या आत ते घरातून निघाले होते, आणि राहुकाळ संपेपर्यंत ते घरी परतणार नव्हते. राहुकाळात उंबरा ना बाहेर जायला ओलांडायचा, ना आत यायला; नियम म्हणजे नियम. त्यांच्याकडे मोबाइल होता, तो आतून वाजताना ऐकू येत होता.

आम्ही खालच्या ओटीवर उभे. ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. सईचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, मी देवळात जाऊन शोधते, पण मला त्या गर्दीत पोस्टमास्तर ओळखू आले असते की नाही कोण जाणे, आणि तमिळ माझं भाजीबाजारापुरतं. मामा उंबऱ्याच्या आत उभे होते. दोन्ही राहुकाळ चालू होते, छापलेला आणि त्यांनी काढलेला. मामींनी त्यांच्याकडे बघितलं. या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याला राहुकाळात बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

"लागला तर मला लागूं दे," मामा म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले. वेष्टी एका हाताने वर धरून, बोळातल्या स्कूटरी चुकवत तो म्हातारा पळत सुटला.

आज हे लिहिताना मला विनोद करावासा वाटत नाही. राहुकाळावर विश्वास नसलेल्याने राहुकाळात बाहेर पडण्यात काय मोठेपण? मामांचा पुरता विश्वास होता. आपल्याला काहीतरी भोगावं लागणार, असं मनात धरूनच ते गेले होते. माझ्या मुलीसाठी कुणी इतकं केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, तिच्या आजोळीसुद्धा नाही.

ते पोस्टमास्तरांना घेऊनच परतले. पोस्टमास्तर मात्र स्वतःच्या घरात पाऊल टाकायला तयार होईनात. त्यांनी रस्त्यातूनच किल्ली पुढे केली आणि तोंड फिरवून उभे राहिले. मामांनी कुलूप काढलं, आत गेले, पेटी आणली, फुलासकट सईच्या हातात दिली. ऑटो बोळातून वळेपर्यंत ते तिथेच धापा टाकत उभे होते.

सई पास झाली. नुसती पास नाही, चांगली पास झाली. ग्रुप राहिला. मुख्याध्यापिकांचा फोन मी बँकेत काउंटरवरच घेतला आणि समोरच्या ग्राहकाला उगीचच पेढे खायला या म्हणाले. संध्याकाळी सई पेपर घेऊन खाली गेली, मी मागोमाग.

मामांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. चेहरा उतरत गेला. "हें काय? सूत्र, किंमती, उत्तर. कोणाकडून बघून तें कोठेंच नाहीं. त्या मोबाइलासारखें लिहिलेंस."

"ताता, तिथे तसंच लिहायचं होतं," सई म्हणाली. "पेपर मॅडम बघणार ना? गाडीत मी आहे, त्या फलाटावर उभ्या आहेत. मागे गठ्ठा आहे. त्यांना तिथून जेवढं दिसतं तेवढंच लिहिलं. कावळा माझ्या डोक्यात होता, कागदावर नाही आणला."

नेहमी ते इतरांच्या उत्तराची वाट बघायचे, त्या दिवशी आम्ही त्यांची बघितली. कॉफी आली, गार झाली. मग ते हळू म्हणाले, "आयुष्यभर पोरांस सांगितलें, दुसऱ्याच्या ठिकाणीं जाऊन बघा. मी मात्र कोणाच्या ठिकाणीं गेलों नाहीं." आणि जरा थांबून, एखादी वस्तू उसनी मागावी तसं अवघडून त्यांनी सईला विचारलं, "रविवारीं सकाळीं वेळ आहे काय तुला? आमच्या नातवास थोडें सांगशील?"

तेव्हापासून दर रविवारी सई टॅबसमोर बसू लागली. मीही एकदा खाली गेले. सई इंग्रजीत भराभर बोलत होती, पोरगा खिदळत होता, प्रश्न विचारत होता. मामा कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने बाजूला जमिनीवर बसले होते आणि सईला खुणा करत होते, थांब, घाई करूं नको, त्याला बोलूं दे. पुढे काय विचारायचं ते बोटांनी सांगत होते. पोराच्या तोंडून बरोबर उत्तर निघालं की त्यांचा हात आपोआप वर जायचा आणि ते तो आवरून घ्यायचे.

तेवढ्यात मामांचा मुलगा स्क्रीनवर आला. खुशीत होता. म्हणाला, "अप्पा आहेत का तिथे? अप्पा, ऐकलंत ना? असं शिकवायचं असतं. एकदम सोपं."

मला त्या मुलाचा असा संताप आला की दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. सईनेही तोंड उघडलं होतं, पण मामांनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. मग थोडे वाकले, चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात येईल इतकेच.

"होय रे बाबा," ते म्हणाले. "मीपण आतां हिच्याकडेच शिकतों."